भरीव, पोकळ आणि मी

२ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. काल मी एक जबाबदारी स्वीकारली आहे आणि तिची नोंद राहायला हवी.

काल सासऱ्यांना पंचाहत्तरावं लागलं. सासरे आयुष्यभर मासे पकडत आले. पोटासाठी नाही, हौसेसाठी. पोटासाठी पोस्टात होते. आता एक खांदा गेलाय, बोटं सुन्न पडतात. डॉक्टरांनी खोल समुद्रातली एक शेवटची सफर मंजूर केली आहे, २८ तारखेची. बोट ठरली. एकच काम राहिलंय. त्यांच्या मोठ्या रिळावर भरीव लाईन, म्हणजे गळाची दोरी, आहे. तिच्यापुढे शंभर मीटर पोकळ लाईन जोडायची. पूर्वी ते हे काम डोळे मिटून करायचे.

जेवण झाल्यावर म्हणाले, "बोटं चालत नाहीत. जोडून कोण देईल?"

साडूने तोंड उघडलं. साडू दातांचा डॉक्टर. दुसऱ्यांची तोंडं उघडायची सवय, स्वतःचं उघडायला वेळ लागतो. तेवढ्यात मी म्हणालो, "मी देतो."

सासरे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही?"

आनंदाने शब्दच फुटेनात त्यांना.

मी लिफ्ट इन्स्पेक्टर. बावीस वर्षं दोर तपासतोय, तेही पोलादी. माणसं भरलेली लिफ्ट ज्यावर लटकते ते दोर. मासा म्हणजे काय, साधा एकटा प्रवासी. रीळ आणि नवी पोकळ लाईन कालच घरी आणली. अंदाजे लागणारा वेळ: एक संध्याकाळ.

३ मार्च. संध्या. ७.३०

गळवाल्याच्या दुकानात गेलो. सुई आणि सरावापुरती दोन्ही लाईन घेतली. त्याने न विचारता शिकवणी घेतली.

भरीव लाईन आतून गच्च विणलेली असते. पोकळ म्हणजे बारीक नळी, आत काही नाही. लांब सुई पोकळमध्ये घालायची. पोकळ लाईन सुईवर मोज्यासारखी गोळा करत जायची. सुईच्या टोकाला आकडा असतो, त्यात भरीवचं टोक अडकवायचं आणि सुई मागे ओढून घ्यायची. भरीव आत. गाठ नाहीच. मासा ओढायला लागला की पोकळ आवळते. जितकी ओढ तितकी पकड. उलट ढकललं की मात्र सैल.

किती आत घालायची, विचारलं. म्हणाला, दोन वाव. दोन्ही हात फाकवून दाखवलं, हा एक वाव. मध्ये एकदा बाहेर काढून परत आत न्यायची. शेवटी दोऱ्याने घट्ट बांधायची आणि मग गोंदाचा एक थेंब. भरीव लाईन गुळगुळीत असते, कमी घातली की निसटते, म्हणाला.

मी विचारलं, हे कुठल्या नियमात आहे? म्हणाला, नियम नाही, मासा सुटला की कळतं.

लाईन विकणारा माणूस जास्तच लांबी सांगणार. पंधरा सेंटिमीटर पुरे.

घरी बायकोला आकृती काढून समजावलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे पायजम्यात नाडी ओवायची."

मी म्हटलं, हे तंत्र वेगळं आहे. ती म्हणाली, चोवीस वर्षं तुमच्या पायजम्यात मीच नाडी ओवतेय, तंत्र मला माहीत आहे. चर्चा तिथेच थांबवली.

५ मार्च

पहिला प्रयत्न. सुई पोकळ लाईनच्या मधूनच बाहेर आली. सात वेळा. एकदा थेट माझ्या बोटात गेली.

कारण सापडलं: दिवा मंद आहे.

६ मार्च

मोठा बल्ब लावला. खोली ऑपरेशन थिएटरसारखी दिसते. बायको म्हणाली, बल्ब बदलण्यापेक्षा चष्मा लावा. वाचायचा चष्मा मी वाचायला वापरतो. लाईनवर काहीही लिहिलेलं नाही.

९ मार्च. संध्या. ८

चाळीस मिनिटं सुई आत जाईना. घाम फुटला. बायको पाणी घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, तुम्ही भरीव लाईनमध्ये सुई घालताय.

दोन्ही पांढऱ्या. कारखान्याने रंग वेगळे ठेवायला नकोत? तक्रारीचं पत्र लिहायचं. आजचा उरलेला वेळ पत्राच्या मजकुराचा विचार करण्यात गेला.

११ मार्च

गोंदाचा प्रयोग. गोंद उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटली, मध्ये वीतभर लाईन. कोमट पाणी, तेल, साबण, काही उपयोग नाही. तसाच कामावर गेलो.

एका सहा मजली कापड दुकानाची लिफ्ट तपासायची होती. मालकाने विचारलं, साहेब, हाताला हे काय लोंबतंय? म्हटलं, सुरक्षेचं साधन. त्याने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, आमच्या लिफ्टमनलाही लागेल का? म्हटलं, पुढच्या तपासणीत बघू.

सही डाव्या हाताने केली. माझ्या नेहमीच्या सहीपेक्षा सुवाच्य आली.

१४ मार्च, शनिवार

आज दोन फोन.

सकाळी सासरे. जोड झाली का? म्हटलं, जवळजवळ. आमच्या ऑफिसात जवळजवळ म्हणजे फाईल सापडली आहे.

दुपारी साडू. म्हणाला, आज क्लिनिकमध्ये पेशंट नाहीत. माझ्याकडे भिंग आहे, बारीक चिमटे आहेत, रीळ घेऊन या ना, दोघं मिळून करू. किती गोड बोलावं माणसाने! मी सांगितलं, कशाला त्रास, झालीसुद्धा.

तो म्हणाला, "वा! झालीसुद्धा?"

आवाजात मत्सर स्पष्ट होता.

बायकोने पलीकडून ऐकलं. म्हणाली, झाली? म्हटलं, मनातल्या मनात झाली आहे. हाताचं तेवढं राहिलंय.

१५ मार्च, रविवार

भार चाचणी. न्हाणीघराच्या दाराच्या कडीला एक टोक, दुसऱ्या टोकाला पाण्याने भरलेली बादली. जोड अकरा सेंटिमीटर. (पंधरा ठरवली होती, गोंद आधीच वाळला.) बादली अधांतरी नऊ मिनिटं लटकली. बायकोला हाक मारून दाखवली. तिनेही मान्य केलं की बादली लटकतेय.

मग तिला आंघोळीला जायचं होतं, म्हणून बादली बाजूला घ्यायला जरा उचलली. लाईन ढिली पडली. बादली परत सोडली, तर भरीव टोक पोकळमधून सुळकन बाहेर. बादली माझ्या पायावर, पाणी बाहेरच्या खोलीत, चटई भिजली.

निष्कर्ष: जोड उत्तम. बादली उचलणं ही वापरणाऱ्याची चूक. मासा स्वतःला उचलून धरत नाही.

पाय सुजलाय.

१८ मार्च

सासरे अचानक घरी. बायको म्हणते, ते रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि एका हाताने रॉड पेलायचा सराव करतात. कुठला शर्ट घालायचा तेही ठरलंय, धुऊन ठेवलाय. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी उठून आतल्या खोलीचं दार लावून आलो, रीळ तिथेच होतं. वारा सुटला होता.

टेबलावर माझे सरावाचे तुकडे पडले होते. सासऱ्यांनी एक उचलला, ओढला, सोडला. दोन तुकडे झाले. मी म्हटलं, हे सरावाचे. रिळावरची पक्की झाली आहे, आत ठेवलीय.

त्यांनी विचारलं, "लिफ्टचे दोरही तुम्हीच जोडता का हो?"

म्हटलं, नाही, जोडणारे वेगळे. मी तपासून सही करतो.

चहा घेऊन निघाले. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्टचं प्रमाणपत्र माझ्या सहीचं आहे. सासरे जिन्याने उतरून गेले. या वयातही व्यायामाची आवड.

२२ मार्च

विश्रांती. हात ताजे हवेत.

२५ मार्च

तीन दिवस आहेत. तीन दिवस म्हणजे बहात्तर तास. लागणार एक तास. म्हणजे एकाहत्तर तास शिल्लक आहेत. घाईत केलेल्या कामात चुका होतात.

२७ मार्च. संध्या. ५.३०

झाली! खऱ्या रिळावर, खरी जोड. पहिल्याच प्रयत्नात. (आजच्या पहिल्या. त्याआधीचे चार धरलेले नाहीत.) बारा सेंटिमीटर आत. गोंद एक थेंब सांगितला होता, मी पाच घातले. दोऱ्याने बांधायचं राहिलं, कारण दोरा बायकोच्या शिवणाच्या डब्यात आणि डबा मागितला की नाडीचा विषय निघतो.

दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली. हलली नाही. लाईन ढिली सोडून बघावी का? एक क्षण मनात आलं. मग म्हटलं, कशाला उगाच शंका काढायची.

कागदाच्या पट्टीवर "तपासले. वापरास योग्य." लिहून खाली सही केली आणि पट्टी रिळाला चिकटवली. सासऱ्यांना नेऊन दिलं. त्यांनी पट्टी दोनदा वाचली. माझ्या पाठीवर हात ठेवला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

२८ मार्च

हवा चांगली होती. समुद्र शांत. लाईन तुटली. असं होतं कधी कधी.

आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

२९ मार्च, रविवार. दुपारी ३

नाही. लिहायला हवं.

बोटीवर आम्ही चौघं. सासरे, साडू, मी आणि बोटवाला. सासरे मागच्या बाजूला खुर्चीत, कमरेला पट्टा, अंगात तो धुतलेला शर्ट. दोन तास काही नाही. अकराच्या सुमाराला रॉड वाकला आणि रीळ किंचाळल्यासारखं फिरायला लागलं. सासरे ओरडले, "आला! आला!" मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. पोस्टातला माणूस, सगळं हळू आवाजात. चेहरा असा झाला की पंचाहत्तरमधली पन्नास वर्षं गळून पडली.

साडूने मागून त्यांचा दुखरा खांदा धरून ठेवला होता. मी जोडीकडे बघत होतो. ती रॉडच्या कड्यांतून आवाज न करता सुळकन बाहेर गेली. मी मोठ्याने म्हणालो, बघा, कळलीसुद्धा नाही! कोणी बघितलं नाही. सगळे पाण्याकडे बघत होते.

पाऊण तास चाललं. ओढायचं, सोडायचं, परत ओढायचं. बोटवाला म्हणाला, मोठा आहे, बाबा, घाई नको. सासरे घामाने निथळत होते आणि हसत होते.

मग मासा वळला. बोटीकडेच यायला लागला. बोटवाला ओरडला, गुंडाळा, गुंडाळा! सासऱ्यांचा हात तेवढ्या वेगाने चालेना. लाईन ढिली पडून पाण्यावर तरंगली. मला बादली आठवली. पायसुद्धा ठणकला. मासा परत फिरला, एक हिसका बसला आणि रॉड एकदम सरळ झाला.

लाटा तेवढ्या बोटीवर चापट्या मारत होत्या.

सासऱ्यांनी लाईन गुंडाळून घेतली. सगळी. टोक हातात आलं. तुटलेल्या लाईनचं टोक झिंज्यांसारखं पिंजारलेलं असतं, बोटवाल्याने सकाळीच एक दाखवलं होतं. हे टोक नीटनेटकं होतं, त्यावर वाळलेल्या गोंदाचा चकचकीत मणी.

मी म्हणालो, "तुटली."

बोटवाला माझ्याकडे बघायला लागला. साडूने पाण्याकडे तोंड फिरवलं. सासऱ्यांनी तो मणी आपल्या सुन्न बोटांत धरला, जरा वेळ फिरवला. मग बोटवाल्याला म्हणाले, "तुटली. लाईन जुनी होती. मीच बदलायला हवी होती."

रिळावरची माझी पट्टी हलक्या हाताने सोडवली, घडी घातली आणि मला दिली. म्हणाले, तुमचा कागद.

परतताना त्यांनी मला विचारलं, बोट लागली तर नाही ना तुम्हाला?

३० मार्च

कारखान्याला तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. "आपल्या लाईनवर ताण सैल होताच जोड निसटली" असं लिहिलं. मग आपणच काय लिहिलंय ते वाचलं. चष्मा लावला होता, त्यामुळे स्वच्छ दिसलं. पत्र फाडलं.

आज भांडी लावताना बायको पाठमोरीच म्हणाली, "ती बाबांची शेवटची खेप होती."

मी म्हटलं, हो.

ती म्हणाली, "दोरा मागितला असता तर दिला असता मी."

५ एप्रिल, रविवार. संध्या. ६.१५

सकाळी फोन करून एकटाच सासऱ्यांकडे गेलो. वाटेत चार मुद्द्यांचं निवेदन पाठ केलं होतं. गोंदाची प्रत, हवामान, लांबीबद्दल तज्ज्ञांमधले मतभेद, आणि चौथा आता आठवत नाही. ते गॅलरीत बसले होते. समोर बसलो आणि तोंडातून निघालं ते एवढंच:

"बाबा, तुटली नव्हती. निसटली. मी जोड नीट केली नव्हती."

म्हणाले, "माहीत आहे."

"मग तुम्ही तुटली का म्हणालात?"

"निसटली म्हटल्याने मासा परत आला असता का?" मग जरा थांबून म्हणाले, "फार मोठा होता हो."

एवढंच.

मग म्हणाले, चष्मा आणलाय? आणला होता. ते आत जाऊन रीळ, सुई, दोरा आणि पोकळ लाईनची नवी गुंडाळी घेऊन आले. म्हणाले, बोट गेली, पण बंदराचा धक्का आहे ना, खुर्ची टाकून बसेन. माझी बोटं चालत नाहीत, तोंड चालतं. मी सांगतो, तुम्ही करा.

आधी म्हणाले, भरीव लाईनचा पुढचा भाग त्या दिवशी रगडला गेलाय, सहा मीटर कापून टाका. कापला. टेबलावर ठेवला. मग सुई. पोकळ हळूहळू सुईवर गोळा करायची, ढकलायची नाही, चोळत आणायची, जसं बाळाला झबलं घालतो. पहिला वाव. बाहेर. परत आत. दुसरा वाव. मग पोकळ लाईन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चोळत न्यायची, सुरकुती राहता कामा नये. एकदा चुकलो. म्हणाले, काढा. दुसऱ्यांदा चुकलो. म्हणाले, काढा, चहा घेऊ. मी कारण सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, कारण नको, सुई धरा.

पावणेतीन तास. शेवटी दोऱ्याने बांधली. गोंद: एक थेंब.

सासऱ्यांनी जोडीच्या एका बाजूला लाईन खुर्चीच्या दांड्याला गुंडाळली, दुसरी बाजू मनगटाला वेढली आणि अंग मागे टाकून ओढलं. हलली नाही. ढिली सोडली, हिसका दिला. हलली नाही. उलट ढकलून बघितली, परत हिसका. तशीच. जोडीवरून बोट फिरवत म्हणाले, "आता झाली."

मला वाटलं, एवढ्यासाठी माणूस चोवीस वर्षं जावई राहू शकतो.

म्हणाले, गुंडाळा. मी रीळ मांडीवर घेऊन फिरवायला लागलो. काय हलकं फिरत होतं! जराही अडकत नव्हतं. मी म्हटलं, बघा बाबा, जोड असल्याचं जाणवतसुद्धा नाही. वर बघितलं. जोड त्यांच्या हातात होती, दोन्ही हातांत नीट धरलेली. आणि माझ्या रिळाकडे भरीव लाईनचं मोकळं टोक फरशीवरून झाडूच्या काडीसारखं घासत येत होतं.

मी पोकळ लाईन त्या टेबलावरच्या कापलेल्या सहा मीटरला जोडली होती.

सासरे एकदा जोडीकडे बघत होते, एकदा रिळाकडे. मग हसायला लागले. खांदा धरून हसले, डोळ्यांतून पाणी आलं. मध्येच श्वास घेऊन म्हणाले, "जावईबापू, जोड उत्तम आहे. फक्त कशालाच जोडलेली नाही."

माझी बोटं आखडली होती, पाठ मोडली होती, डोळ्यांपुढे पांढरे धागे नाचत होते. मी स्वतःहून म्हणालो, कोणीही न विचारता, "साडूभाऊंना बोलवू का?"

सासरे डोळे पुसत गॅलरीच्या कठड्यापाशी गेले. खाली वाकून म्हणाले, "या हो वर!"

साडू सकाळपासून खाली गाडीत बसला होता. सासऱ्यांनीच बसवून ठेवला होता, हाक मारेपर्यंत यायचं नाही म्हणून. पेपर वाचून झाला होता, एक झोपही झाली होती. वर आला, भिंग काढलं, हात धुतले, माझ्या जोडीकडे बघून मनापासून "वा" म्हणाला आणि खुर्चीत बसला.

त्याला अकरा मिनिटं लागली. त्यातली शेवटची दोन मिनिटं दोऱ्याचं टोक मी धरलं होतं.